आरशावरची चादर

अश्दोद,
७ नोव्हेंबर १९९३

चि. हनोखास शालोम आणि ताईचे अनेक आशीर्वाद.

दीनाच्या गुडघ्याला उतार पडला हे वाचून बरं वाटलं. तिला म्हणावं, जिना चढायचा हट्ट सोड आता.

इथे म्हाताऱ्यांच्या वसाहतीत माझं ठीक चाललंय, फक्त समोरच्या राहमाबाईंनी डोकं उठवलंय. मोरोक्कोची बाई, तोंडाने फटकळ. आमच्या मजल्यावर जो तो दाराबाहेर काहीबाही लावतो. मी आपल्या एलियाहू हन्नाबी पैगंबरांची तसबीर लावली, तिला मोगऱ्याचा कागदी हार घातला. तर ही म्हणते, यहुदी माणूस तसबिरीला हार घालतो होय? देवळातून आलीस का?

परवा मी दवाखान्यात गेले, तेवढ्यात तिने तसबीर कोपऱ्यात सरकवली आणि माझ्या भिंतीवर पितळी चौकटीचा हा थोरला आरसा ठोकला, तोही तिरपा. तुझ्या भिंतीवर लाव म्हटलं, तर तिथे चालत नाही म्हणे. का, ते सांगेना. तिचा नवरा मखलूफ कमरेपासून लुळा, दिवसभर दार उघडं टाकून खाटेवर पडलेला असतो. त्याच्याकडे पाहून गप्प बसते, इतकंच.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी ताई,
सिगुला

ठाणे,
२५ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस सविनय शालोम.

तुझं पत्र ऐकून दीना हसून हसून गुडघा विसरली. सत्तरी उलटली तरी तू जागेवरून भांडतेसच. लहानपणी खिडकीजवळची जागा मला कधी दिली होतीस का?

आरसा खुपतोय ना, मग तोंड कशाला वाजवायचं? वीज कडाडू लागली की आई आरशावर चादर टाकायची, आठवतं? तशी टाक एक. राहमाबाई काय करतात ते कळव, आम्ही दोघं वाट पाहतोय.

तुझा हात पाठीवर असाच राहो.
तुझा हनोख

अश्दोद,
१९ डिसेंबर १९९३

चि. हनोखास शालोम.

राहमा गेली.

तुझं पत्र आलं त्या सकाळी मलाही हसू आलं. ती पाव आणायला खाली गेली, तशी मी पांढरी चादर काढून आरशावर चांगली ताणून टाकली आणि दार लावून कान बाहेर ठेवला. तिचा चडफडाट ऐकायचा होता मला.

आपल्या यहुद्यांत मयताच्या घरी आरसे झाकतात, हे मला का माहीत नव्हतं? वडील गेले तेव्हा मीच झाकले होते. पण त्या घडीला आईची वीज तेवढी आठवली. राहमा लिफ्टमधून बाहेर आली आणि तिला झाकलेला आरसा दिसला. ती एकदाच मखलूफ म्हणाली. मग ती पडल्याचा आवाज आला. त्याने आतून ओ दिली होती. ती तिला ऐकू गेली की नाही, देव जाणे. मी दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. म्हणू देत.

तो हाका मारत राहिला, राहमा, आरशाला काय झालं, तू मला दिसत नाहीस. तेव्हा मला कळलं. त्याच्या खाटेवरून त्या आरशात लिफ्टचं दार दिसायचं. ती खाली गेली की तो लहान मुलासारखा घाबरायचा, परत येताना ती त्याला दिसावी म्हणून तिने तो ठोकला होता. नवऱ्याची भीती ती चारचौघांत कशी सांगणार होती?

चादर मी काढली नाही. आता ती तिथे असायलाच हवी होती.

मला धीर देऊ नकोस, एवढं कर.
सिगुला

अश्दोद,
१६ जानेवारी १९९४

चि. हनोखास ताईचे आशीर्वाद.

चूक माझी असं तू लिहू नकोस. तू थट्टा केलीस, चादर मी टाकली. मखलूफलाही मी तसंच सांगितलं. शोकाचे सात दिवस झाल्यावर चादर उतरवायला त्याने मलाच बोलावलं.

व्यवस्थापकबाई म्हणाल्या, भिंत तुमची, आरसा काढून तसबीर लावा हवी तर. मी नको म्हटलं.

आता त्याचा पाव मी आणते. लिफ्टचं दार उघडलं की तो मान उचलून आरशात पाहतो. मी दिसते, तशी मान पुन्हा उशीला टेकवतो आणि तोंड भिंतीकडे करतो.

लोभ ठेव, मी त्याला लायक असले नसले तरी.
तुझी ताई,
सिगुला