ताईचं मशीन अक्षरं गाळतं

३ मार्च, सोमवार
ताई विजेचा टाइपरायटर मांडीवर घेऊन टॅक्सीतून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आली! "अक्षरं गाळतंय रे मेलं!" अठ्ठावीस वर्षं वकिलांची कागदपत्रं याच्यावरच टाइप करते, कार्बन लावून तीन-तीन प्रती. एक अक्षर गळलं की अख्खं पान फुकट. आता वकील म्हणालेत, पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी घेऊन जा!

४ मार्च
उघडलं. काय देखणं काम आहे! प्रत्येक बटणाच्या दांड्याला इवलासा लोहचुंबक. शेजारी बंद काचेची नळी, आत दोन पात्या — मध्ये केसाएवढी फट. बटण खाली गेलं की चुंबक नळीजवळ येतो, पात्या चिकटतात, वीज वाहते, अक्षर उमटतं. बोट उचललं की पात्या सुट्या. आत ना धूळ, ना गंज. फक्त बटण पुरतं खाली जायला हवं.
गळणारी सहा अक्षरं ताईने लिहून दिली होती. सहाही नळ्या बदलल्या.
बायको म्हणाली, "आधी तपासल्यास का?" छे! नुसतं बघून कळतं मला.

५ मार्च
ताईचा फोन. तीच सहा अक्षरं! डोकंच फिरलं. मशीन परत आणलं.

६ मार्च
काढलेल्या नळ्या मीटरला लावल्या. सगळ्या ठणठणीत! बायकोला सांगितलं नाही.
मग तारा. एकेका तारेवर बरीच अक्षरं असतात; एक तार गेली तर तिच्यावरची सगळी जातात. ताईची सहा अक्षरं चार वेगवेगळ्या तारांवर, आणि त्याच तारांवरची बाकीची अक्षरं छान उमटतात. प्रत्येक बटण शंभरदा दाबलं. एकही गळलं नाही.
असेना. छडा लावल्याशिवाय मी सोडत नसतो.

७ मार्च
ताईला दुकानात बोलावून टाइप करायला बसवलं. कागद सोडून तिचे हात बघत राहिलो. "इतकं काय बघतोस, दृष्ट लावशील!"
डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बटणावर टेकतात, तळापर्यंत नेत नाहीत. सहाही अक्षरं त्याच दोन बोटांची! बिघाड तारेत असता तर अक्षरं तारेप्रमाणे गळली असती. कुठलं बोट दाबतंय ते मशीनला काय ठाऊक?
सापडलं म्हणून क्षणभर आनंदच झाला मला. मग लक्षात आलं, दोष बोटांत आहे. म्हटलं, "ताई, मशीन ठीक आहे. आपण डॉक्टरांकडे जाऊ या."
तिने पर्स उचलली आणि निघून गेली.

८ मार्च, शनिवार
ताई सकाळीच आली. डॉक्टरांना सहा महिन्यांपूर्वीच दाखवलंय म्हणे. बाकीच्या बोटांतलंही बळ हळूहळू जाणार आहे.
"मग मशीन कशाला आणलंस गं?"
"तू म्हणाला असतास ना, दोष मशीनचाच आहे — तर मी डॉक्टरांना खोटं ठरवलं असतं. तुझं कधी चुकत नाही."