तिरके गोळे

२ मार्च, शनिवार
व्हिडिओ गेमचं जुनं मशीन सुरू झालं! पडदा उजळला, गोटी उतारावर आली, कडेवरून पडली, फुटली. केरसुणीने येऊन तुकडे झाडले. चाळीस वर्षांनी तीच केरसुणी.

बाबांच्या बोलिंगच्या अड्ड्यातलं सगळं विकून झालं. बूट, बाक, बिअरचे नळ. उरलं हे एक. मृत्युपत्रात बाबा लिहून गेलेत — 'गोटीचं मशीन दोघांत वाटता येत नाही. अर्लन आणि मार्लिसने खेळून ठरवावं. भांडू नये.' मार्लिस माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला एकदाही हरवलेलं नाही. सामना सोळा तारखेला, माझ्या तळघरात.

पडद्यावरची गोटी चालवायला तळहाताने फिरवायचे दोन्ही गोळे काढून घासले. आतल्या रुळांवरचा मळ खरवडला — अर्ध्या गावाचे हात त्यात! परत बसवले. नीट, सरळ.

५ मार्च
गोटी ऐकत नाही. खाली ढकलावी तर कोपऱ्यात जाते. तीस वर्षं कॉलेजात कविता शिकवली, मुलंही अशीच.

१० मार्च
ऐकते! युक्ती सापडली — जायचं एकीकडे, ढकलायचं जरा भलतीकडे. तळहाताला दोन फोड.

१४ मार्च
सहावा टप्पा, शेवटचा, पार. ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं.

१६ मार्च, शनिवार
मार्लिस तिच्या गावाहून, ला क्रॉसहून, दोन तास गाडी हाकत आली. नवरा, ऑरिन, गेल्यापासून एकटीच असते. कोट न काढता तळघरात उतरली, अड्ड्यात लावायचे तसा, नाणं काचेच्या कडेला ठेवून नंबर लावला.

"इथे आपण दोघंच आहोत, मार्लिस."

"रीत ती रीत."

तीन डाव. तिची तांबडी गोटी पहिल्याच वळणावर फुटली. पुन्हा फुटली. केरसुणीला दम खायला सवड नाही!

"अगं, जरा हळू—"

"शिकवू नकोस, मास्तर!"

तिन्ही डाव मी जिंकले. एकसष्टाव्या वर्षी मशीनभोवती नाचलो. ती स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघत होती. मी ओव्हनमध्ये केलेला बटाट्याचा पदार्थही तिने अर्धा ठेवला.

१८ मार्च
मार्लिसचा फोन. चर्चमधलं ऑर्गन वाजवणं सोडतेय. सत्तावीस वर्षं वाजवतेय. "हात गेले रे माझे. परवा कळलं. तिथे सगळ्यांसमोर फजिती होण्याआधी उठलेलं बरं." ईस्टर झाला की पाद्रीबाबांना सांगणार.

समजूत काढली. नीट जमलं नाही.

१९ मार्च
गुन्नर आला होता. ब्याऐंशी वर्षांचा. बाबांची सगळी मशीनं तोच दुरुस्त करायचा. एक डाव खेळला आणि पोट धरून हसत बसला.

"हे गोळे कोणी बसवले?"

"मी."

"सरळ?"

"मग काय वाकडे बसवायचे?"

"हो! या खेळातली वाट पडद्यावर तिरकी उतरते, म्हणून गोळेही तिरके बसवतात. बाकी मशीनं दुरुस्त करणारा प्रत्येक शहाणा इथे हीच चूक करतो. असल्या गोळ्यांवर खेळतं कोण?"

मी. दोन आठवडे. मार्लिसचे हात चाळीस वर्षांपूर्वी तिरक्या गोळ्यांवर शिकलेले — ते बरोबरच ढकलत होते.

२० मार्च
सांगितलं नाही. मशीन फार सुंदर दिसतं तळघरात.

२१ मार्च
आजही नाही.

२२ मार्च, शुक्रवार
तळलेला मासा आणला, तसाच पुडक्यात ठेवला. फोन केला. सगळं सांगितलं. मग — "अर्लन, गाढवा! मी आठवडाभर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेय. उद्या येते. गोळे नीट करून ठेव."

२३ मार्च, शनिवार
गुन्नरने गोळे तिरके केले. मार्लिस तीन-शून्य. माझी गोटी दुसऱ्या टप्प्यापलीकडे गेली नाही. तिने सहावा टप्पा एका हाताने संपवला. दुसऱ्या हातात बिअर. ऑर्गन सोडत नाही म्हणाली. मशीन तिचं. भांडलो नाही.

२४ मार्च
मार्लिस तिकडचं चर्च आटोपून पुन्हा आली. मशीन न्यायला माप घेतलं. मशीन एकतीस इंच, तळघराचं दार एकोणतीस.

"मग आत आलं कसं?"

"घर गरम ठेवायची नवी भट्टी बसवताना भिंत फोडली होती. तेव्हाच आत घेतलं."

"आणि मग भिंत बांधून टाकलीस!"

"हो."

"माप न घेता!"

"हो. पुन्हा फोडतो."

"नको. त्यात आता भट्टीच्या नळ्या आहेत." जिन्यावर बसून बराच वेळ मशीनकडे बघत होती. मग ला क्रॉसला परतली.

६ एप्रिल
सकाळी दारात मार्लिस. तीन सुटकेस, मांजर, आणि आमच्या गावच्या चर्चच्या पाद्रीबाबांचं पत्र — त्यांना ऑर्गन वाजवणारी हवी होती. "मशीन हलत नाही ना? मग मीच हलले. वरची खोली रिकामी कर."