तुमच्या गायीला सिंहिणीने मारलं

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, हात धजत नव्हता. आज लिहितेय ते भांडायला. तुमची केनियातली गाय सिंहिणीने मारली, आणि त्या सिंहिणीला मारायचं की सोडायचं, ते म्हणे मी सांगायचं. इथे बर्मिंगहॅमच्या स्वयंपाकघरात बसून!

मी कुकर लावत होते तेव्हा फोन आला. तुमच्या त्या मसाई मित्राची, लेमायानची मुलगी नासेरियान, तुमच्या पाहुण्यांचा कॅम्प बघते ती. बिचारी रेंजसाठी कुठल्याशा टेकडीवर चढून बोलत होती. "आँटी, गावची सभा तुमच्या शब्दासाठी थांबली आहे," म्हणाली.

त्यांच्या गावाचा नियम तुम्हीच मला सांगितला होतात ना? सिंहाने कुणाचं जनावर मारलं, तर मालक सभेत बोलेपर्यंत कोणी भाला उचलायचा नाही. मालक तुम्ही होतात. आता मी.

कुठून अवदसा आठवली आणि ती गाय घेतलीत हो? लेमायानने दिली, नाही कसं म्हणणार, मानाची भेट आहे, असं म्हणालात. तिला इथे आणता येईना म्हणून त्याच्याच कळपात ठेवलीत. मग मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगत सुटलात, "आमची एक गाय मसाईंच्या रानात चरते." सगळे हसायचे, मीही हसायचे.

दरवर्षी आपली इथली माणसं घेऊन तुम्ही जायचात. बड्या हॉटेलात नाही, मसाईंच्या स्वतःच्या जमिनीवर, त्यांनीच चालवलेल्या तंबूंत. पाहुणे येतात म्हणून त्यांनी कुरणाचा मोठा तुकडा जनावरांसाठी मोकळा सोडलाय. सिंहच राहिले नाहीत तर पाहुणे कशाला येतील? आणि पाहुणे थांबले तर तिथे कुंपणं पडतील, गहू पेरला जाईल. हे सगळं तुम्ही मला आमटी गार होईपर्यंत ऐकवायचात. तेव्हा कंटाळा यायचा. आता वाटतं, नीट ऐकून घ्यायला हवं होतं.

केतकीला विचारलं. तुमची लेक ती, पटकन म्हणाली, "आई, सोपं आहे ना. सिंहिणीला सेव्ह कर." तिला सोपंच वाटणार. तिने सिंह फक्त टीव्हीवर पाहिलाय. मी म्हटलं, "अगं, त्या गायीचं दूध लेमायानची नातवंडं पीत होती."

मला खरंच भीती वाटते हो. "सोडा" म्हटलं आणि उद्या त्याच सिंहिणीने एखाद्या गरिबाची गाय नेली तर? लोक म्हणतील, हिचं काय जातंय, ही दूध सुपरमार्केटमधून आणते. आणि "मारा" म्हटलं, तर तुम्ही इतकी वर्षं जे जपलंत ते माझ्या तोंडाने बुडायचं. तुम्ही असतात तर दोन मिनिटांत बोलून मोकळे झाला असतात. मला जेवण जात नाहीये.

काल फोनकार्ड आणून मीच फोन लावला. म्हटलं, लेमायानलाच विचारते, त्याचं मन काय आहे. तो बोलला, नासेरियानने इंग्रजीत सांगितलं. "तुमचे मिस्टर आम्हाला नेहमी सांगायचे, सिंह मारू नका. माणूस चांगला. पण मी विचार केला, सिंह आला तर या माणसाचं काय जातं? काहीच नाही. म्हणून मी त्याला गाय दिली."

हे तुम्हाला माहीत होतं का हो? की शेवटपर्यंत मानाची भेट समजत राहिलात? मला तुमचा राग आला, आणि लगेच तुमची इतकी आठवण आली की नासेरियान पलीकडून "आँटी, आँटी" करत राहिली आणि मी मनात तुमच्याशीच बोलत होते.

तर आता ऐका. फोनवरून काही सांगणार नाही, असं मी तिला कळवलंय. मी जातेय. हो, मीच, डासांना आणि विमानाला घाबरणारी. यलो फीव्हरची लस टोचून घेतली, दंड ठणकतोय. सभेत उभी राहून सांगणार आहे, सिंहिणीला सोडा. आवाज फुटेल की नाही, देव जाणे. ऐकतील की नाही, तेही माहीत नाही.

पण एक वचन देते. ऐकोत न ऐकोत, परत येण्याआधी मी तिथे एक कालवड विकत घेईन. मला कोणी भेट द्यायला नको. लेमायानच्याच कळपात, त्याच कुरणाच्या कडेला ठेवीन. सिंहीण पुन्हा आली, तर माझंही जाईल.

तुमचीच,
सुनंदा