जोडाला लावलेलं तेल

प्रिय अंबू,

कोपरं टेकवायच्या दोन वाट्या, मागाच्या जुन्या कातडी पट्ट्याचं अस्तर लावून. पुढं हात लांबवून धरायचे दोन ॲल्युमिनियमचे दांडे, टोकाला पंधरा अंश वर वळवलेले. सीटमागं दोन बाटल्या धरणारा घोडा. घरातल्या घरात सायकल मारता यावी म्हणून तीन रुळांचा साचा. त्याचे रूळ भंगारातल्या मागाचे होते, पण बेअरिंग नवीन. चाक सरळ करायचा स्टँड. पाण्यातून निघाल्यावर बूट एका हातानं चढावेत म्हणून टाचेला शिवलेली फीत, तीही मीच शिवली. एवढं मी तुझ्यासाठी माझ्या हातानं केलं. काही सुटलं असेल तर ते तुलाच आठवेल. मला अपुरी यादी आवडत नाही.

आणि एक जोड केला. हँडलचा. तो यादीत धरायचा की नाही, हे आज सकाळपर्यंत ठरत नव्हतं.

आज सकाळी तुझी सायकल खुंटीवरून उतरवली आणि हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट उघडले. सात महिन्यांत मी त्यांना हात लावला नव्हता. उघडल्यावर जे दिसलं ते आधी तुला सांगायला हवं, मग बाकीच्यांना. म्हणून हा कागद.

आपली ओळख सायकलीची नव्हे, मागांची. तुझा टॉवेलचा कारखाना, आठ माग, आणि कुठलाही माग अडला की तुझा एकच फोन, "मिस्त्री, ये बे लवकर!" मी कुणाकडं शिकलो नाही, हे तू लोकांना माझ्याआधी सांगायचास. आवाजावरून माग ओळखणारा माणूस म्हणायचास. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

मग डॉक्टरांनी तुला साखर सांगितली. तू चालायला लागलास, चालता चालता पळायला लागलास, आणि एक दिवस मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास. माणसं समुद्रात उड्या टाकत होती, ओल्या अंगानं सायकलीवर बसत होती, आणि सायकल टाकून परत पळत होती.

"तिन्ही एका दमात?" मी विचारलं.

"एका दमात."

"अंबू, हा खेळ नाही. ही शिक्षा आहे."

"मग मला शिक्षा झालीये असं समज," म्हणालास आणि दुसऱ्या दिवसापासून तलावावर जायला लागलास. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी!

त्या परदेशी खेळाडूंची नावं तू अशी घ्यायचास जशी पूर्व भागातली शेजारची पोरं. मला ती नावं यायची नाहीत. मी आपला एकाला लंब्या म्हणायचो, एकाला दाढीवाला, आणि ती सायकलीवर पाठ पाटासारखी सपाट ठेवणारी बाई, तिला पाटाबाई. तू चिडायचास. "अरे, जगात पहिली आलीये ती! पाटाबाई काय म्हणतोस?" पण पुढं तूच विचारायला लागलास, "बघितलंस का, पाटाबाईनं नवीन हेल्मेट घातलंय."

आणि तुझा तो सूत तोलायचा काटा! बाटलीची पकड बासष्ट ग्रॅम, नवी एकतीस ग्रॅम. सीटचा दांडा. पेडल. मोजेसुद्धा! व्यापारी सूत घेऊन दारात उभा, आणि शेठ काट्यावर मोजे ठेवून बसलेले. "एकतीस ग्रॅम वाचले, मिस्त्री." पद्मा वहिनी आतून ओरडायच्या, "पोटावरचे चार किलो आधी वाचवा म्हणावं!" आणि तू शेंगापोळीचा दुसरा तुकडा तोंडात घालत म्हणायचास, शर्यतीत चोखायच्या त्या जेलच्या पाकिटापेक्षा ही बरी, पोटात टिकते.

कोल्हापूरच्या तुझ्या पहिल्या शर्यतीत तू शेवटून तिसरा आलास. मी कुंपणाबाहेर उभा होतो. लोक चकचकीत सायकली बघत होते, आणि एकजण तुझ्या दांड्यांकडं बघून म्हणाला, "हे कुठल्या कंपनीचं?" तू मला हातानं दाखवलंस. "ही कंपनी." अंबू, त्या दिवशी मी सोलापूरपर्यंत एसटीत उभ्यानं आलो आणि पाय दुखले नाहीत.

आता जोडाचं.

तू पुण्याहून जुनं कार्बनचं हँडल आणलंस. दोनशे चौदा ग्रॅम. सोबत एक छोटी ट्यूब. "मिस्त्री, ही पेस्ट लावायची जोडात. यात बारीक कण असतात, वाळूसारखे. कार्बन गुळगुळीत असतो, तो पकडीत फिरू नये म्हणून."

मी हसलो. "जोडात वाळू? अंबू, मागातली वाळू काढण्यात माझी तीस वर्षं गेली."

"अरे, सगळे तेच करतात. लंब्याचा मेकॅनिक पण."

"लंब्याच्या मेकॅनिकनं सोलापूरचा उन्हाळा बघितलाय का? त्याला म्हणावं ये इकडं."

तू हसलास, ट्यूब ठेवलीस आणि गेलास. मी काय केलं ते ऐक. मागावर कोरडा जोड म्हणजे उद्याचं भांडण, हे मी माझ्या अनुभवानं शिकलेलो. कापसाची धूळ, घाम, गंज. कोरडा बसवलेला बोल्ट पुढच्या वर्षी छिन्नीशिवाय निघत नाही. त्यामुळं कुठलाही जोड तेलाचं बोट फिरवल्याशिवाय मी बसवत नाही. तोही तसाच बसवला. पकडीच्या आत, हँडलवर तेलाचं एक बोट, पातळ, सगळीकडं सारखं. चारही बोल्ट आळीपाळीनं, नेहमीसारखं "हाताला कळतं" म्हणत, अंदाजानं आवळले. ट्यूब खिळ्यांच्या डब्यात टाकली. बूचसुद्धा उघडलं नाही.

संध्याकाळी तू आलास. हँडल हलवून बघितलंस. विचारलंस, "पेस्ट लावलीस ना?"

"लावली."

एवढाच शब्द. तू पुढं काही विचारलं नाहीस. मोजे काट्यावर ठेवणारा माणूस तू, त्या एका जोडावर माझा शब्द ठेवून गेलास! का नाही उघडून बघितलंस? चार बोल्टच होते. तुझ्याकडं पाना होता. माझ्यावर चिडला असतास, मी दोन दिवस फुगलो असतो, आणि पेस्ट लावली असती. हा राग मी तुझ्यावर काढतो खरा, पण तो फार वेळ टिकत नाही.

पाच आठवडे हँडल जागेवरून हललं नाही. सहाव्या रविवारी सकाळी तू अक्कलकोट रस्त्यानं गेलास. कुंभारी सोडल्यावर जो उतार आहे तिथं पडलास. तीन दिवस दवाखान्यात होतास. मी बाहेरच्या बाकावर होतो. तू शुद्धीवर आला नाहीस, म्हणजे मला विचारलंही नाहीस.

सगळे म्हणाले, कुत्रं आडवं आलं. कोण पहिल्यांदा म्हणालं माहीत नाही. तेराव्याला तुझ्या सायकल ग्रुपमधले लोक माझ्याजवळ येऊन म्हणत होते, "मिस्त्री, काय काम केलंय तुम्ही! एवढ्या पडण्यात दांड्यांना साधा बाक नाही." मी हात जोडले. अंबू, मी हात जोडले रे. वहिनी समोर बसल्या होत्या.

महिन्यानं मी त्या उतारावर गेलो. एकटा, मोटारसायकलवर. तिथं रस्त्याच्या कडेला मेंढरं चारणारी एक म्हातारी भेटली. तिनंच तुला पहिल्यांदा बघितलेलं. मी विचारलं, "मावशी, कुत्रं होतं ना?"

"कुत्रं? न्हाय बा. माजंच कुत्रं हुतं, पर ते हितं माज्यापाशी बसल्यालं."

"मग?"

"त्यो येत हुता की झपाट्यानं. तितं त्यो उंचवटा हाय न्हवं का रस्त्याला, त्याच्यावरनं उडाला. आन मग खाली बघाय लागला. हाताखाली. जनू कायतरी हरवलंय त्याचं. मग पडला." मला न्याहाळत म्हणाली, "तुमी कोन त्याचं?"

"सायकल मी बनवली," म्हणालो.

"लई चांगला दिसत हुता सायकलीवर," ती म्हणाली.

तेव्हापासून तू रोज दिसतोस, अंबू. चेहरा दिसत नाही. मान खाली घालून हाताखाली बघणारा दिसतोस. मी माग उघडून वाकलो की वाटतं माझ्याशेजारी तूही वाकलायस, आणि जे मला सापडत नाही ते तुला सापडलंय.

वहिनींनी सायकल माझ्याकडं पाठवली होती, "तुमची वस्तू, तुमच्याकडंच असू दे" म्हणून. ती वर्कशॉपमध्ये खुंटीवर लावली. भिंतीवरच्या पंख्याचा वारा थेट मागच्या चाकाला लागतो, हे लावताना लक्षात आलं नाही. माझ्यासारख्याच्या लक्षात आलं नाही! पंखा चालू झाला की चाक हळू फिरतं आणि टिक, टिक, टिक. तू उतारावर पाय थांबवल्यावर यायचा तोच आवाज. खुंटी बदलणं दहा मिनिटांचं काम. केलं नाही. पंखा बंद ठेवून मार्चभर घामात काम केलं, पण खुंटी बदलली नाही.

शर्यतीसुद्धा बघतो अजून. कोण पहिलं आलं ते कळत नाही मला. फक्त हँडल बघतो. लंब्या उंचवट्यावरून जातो, त्याचं हँडल तसूभर हलत नाही. पाटाबाईचं हलत नाही. सगळ्यांच्या जोडात वाळू आहे.

आज सकाळी उघडलं. हँडल बाहेर काढलं, पांढऱ्या फडक्यानं पुसलं. फडक्याला तेल लागलं. सात महिन्यांनीही ओलं होतं. मी लावलेलं तेल असं टिकतं. त्याखाली दोन ओरखडे. एक खोल आणि वेडावाकडा, तो सायकल जमिनीवर आपटल्याचा. तिथं कार्बनचे धागे उघडे पडलेत. दुसरा बारीक, सरळ, गुळगुळीत. त्यात तेल भरलेलं. तो आधीचा. मी व्हर्नियर लावून मोजला, तीन वेळा. तीन मिलिमीटर. हँडलचा घेर शंभर मिलिमीटर धरला तर हँडल पकडीत अकरा अंश फिरलं. दांड्याच्या टोकाला साडेपाच सेंटिमीटर. कोपरांवर सगळा भार टाकून उतारावर निघालेल्या माणसाच्या हाताखालून एकदम साडेपाच सेंटिमीटर गेले.

तू त्याकडं बघत होतास.

आणखी काही कारण असेलही. वेग असेल, तो उंचवटा असेल. एखादा शहाणा मला समजावेल की पेस्ट लावूनही जुनं कार्बन सरकतं. समजावू दे. मी शब्द दिला होता "लावली", आणि ट्यूब अजून खिळ्यांच्या डब्यात आहे, बूच बंद.

माझं वचन ऐक. या रविवारी मी वहिनींकडं जाणार. हँडल नेणार, फडकं नेणार, ती ट्यूब नेणार. कुत्रं नव्हतं, हे सांगणार. तू विचारलं होतंस आणि मी खोटं बोललो, हे सांगणार. तुझ्या ग्रुपच्या लोकांनाही सांगणार, कारण त्यांच्यातल्या चौघांचे जोड मीच बसवलेत. ते उघडून, पुसून, पेस्ट लावून देणार, आणि लावताना त्यांना शेजारी उभं करणार. वहिनींनी दार लावलं तर दाराबाहेर सांगेन. पुन्हा कधी "हाताला कळतं" म्हणणार नाही.

हे आजच का, तेही लिहितो, नाहीतर तुला वाटेल मी आपणहून शहाणा झालो. गेल्या बुधवारी वहिनी वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. चहा घेतला नाही. पिशवीतून बँकेचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

"भाऊ, हे त्यांनी परदेशातल्या शर्यतीला म्हणून बाजूला ठेवलेले. आता कोण जाणार? तुम्ही गाळा घ्या. सायकलीचं दुकान काढा. पाटीवर त्यांचं नाव टाका, खाली तुमचं."

"नको वहिनी."

"तुम्ही नको म्हणू नका. ते नेहमी म्हणायचे, आपल्या मिस्त्रीचं दुकान पाहिजे."

"मला जमणार नाही."

त्या पुस्तक पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तुमचा स्वाभिमान त्यांना माहीत होता, भाऊ. मलाही माहिताय." आणि गेल्या. स्वाभिमान म्हणाल्या, अंबू! मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायलाही उठलो नाही.

तुझ्या नावाचं दुकान मी नाकारलं. पुस्तकावरचे तीन लाख चाळीस हजार रुपये.

तुझा,
दत्ता मिस्त्री