एक कोटीपर्यंत

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकटे,

आशीर्वाद घे, मग पुढचं वाच. इकडे सगळं ठीक. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, पण भूक चांगली आहे. मोरीचा नळ एकदाचा दुरुस्त झाला.

मी हल्ली तुटक का बोलते, असं तू विचारलं होतंस. सांगते.

झटका आल्यावर बाबांचे शब्द गेले, आकडे तेवढे राहिले, हे शोधून काढलं मी. डॉक्टरांना सांगितलं मी. आणि तू एक दिवस फोनवर लाडात म्हणालीस, "बाबा, एक कोटीपर्यंत मोजायला किती वेळ लागेल हो? मोजू या?" झालं. तेव्हापासून रोज चार वाजता बाप-लेकीचं मोजणं, आणि कुठे थांबलात तो आकडा वहीत लिहायचा मी. भरवते मी, कूस बदलते मी, आणि ते हसतात तुझ्या सव्वीस हजारांना. पोटात दुखतं माझ्या. लिहिलं एकदाचं.

उत्तरही मीच काढलंय. मोठा आकडा म्हणायला बाबांना सहा सेकंद लागतात. रोज अर्धा तास धरला तर कोटीला एक्क्याण्णव वर्षं. डॉक्टर म्हणतात, हे वर्ष निघालं तरी खूप. शिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलू द्यायचं नाही, धाप लागते. म्हणजे त्यांचा आवाज दिवसाला अर्धा तास, आणि तो सगळा तुझा.

गुरुवारी तुला "बाबा झोपलेत" म्हणाले ना, ते खोटं होतं. ते समोरच बसले होते. मी फोन ठेवला, वही उघडली आणि म्हटलं, "चला, आज मी. सव्वीस हजार चारशे बारा."

ते म्हणाले, "एक."

"एक नाही हो बाबा. सव्वीस हजार चारशे बारा."

"एक."

तीनदा असंच. मला वाटलं, लाडकीचा आकडा मला द्यायचा नाही. मी वही आपटली. काय काय बोलले ते विचारू नकोस. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "तुझं... एक."

बटणांच्या कारखान्यात त्यांच्या मोजणी खात्याचा नियमच होता तो. एकाने अर्धवट सोडलेली मोजणी दुसऱ्याने पुढे न्यायची नाही, आपली एकापासून सुरू करायची. मी विसरले होते, ते नाही. त्या दिवशी आम्ही पाचशेपर्यंत गेलो. मध्येच ते माझ्याकडे बघून हसले.

शुक्रवारपासून फोन बिघडलाय असं शेजारणीकडून कळवलं, तेही खोटं. मीच बंद ठेवलाय.

मोठ्या मनाची असते तर एक दिवस तुझा, एक माझा असं लिहिलं असतं. तेच लिहायला बसले होते, पण हात चालत नाही. तुझे सव्वीस हजार कोणी नेत नाही. माझे अजून तीन हजारही झाले नाहीत. महिनाभर फोन करू नकोस. रागाव हवं तर, पण करू नकोस.

आज सकाळी त्यांनी वहीतलं तुझं पान उघडलं होतं आणि त्यावर हात ठेवून बसले होते. मी त्यांचा हात उचलला आणि पान उलटलं.

तरीही तुझीच,
ताई