मधोमध टांगलेली चटई

मालेकुला बेट, मंगळवार

प्रिय काल्मेटदादा,

मी बरी आहे. गुडघा कुरकुरत नाही आणि उकडलेला टारोचा कंद रोज पोटभर मिळतो. वहिनींचा खोकला थांबला का?

"माझ्यासमोर तुझ्या त्या नाटकाचं नाव काढू नकोस," असं तू बजावलंस, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून तुझं एकही पत्र नाही. तरीही लिहिते.

त्याच नाटकाच्या इथल्या पहिल्या प्रयोगाला मी शहरातल्यासारखं सगळ्या मुलामुलींना एकत्र बसवलं. नाटकातल्या मुलीने मुलाचा हात झटकून "नको" म्हटलं, आणि बहिणींजवळ बसलेले भाऊ माना खाली घालून उठून गेले. आपल्यात भावाबहिणींनी असलं एकत्र ऐकायचं नसतं, हे मीच विसरले होते.

काल सभागृहाच्या मधोमध चटया टांगल्या. मुली अलीकडे, मुलगे पलीकडे. नाटक संपल्यावर एका मुलीने बारीक आवाजात विचारलं, "नको म्हटल्यावर मुलाने काय करायचं?"

मग पलीकडून आवाज आला, "घरी जायचं."

"हे तुझ्या आजोबांना शिकव रे!" एक म्हातारी ओरडली. दोन्ही बाजू हसत सुटल्या.

आमची नटमंडळी संध्याकाळी पत्ते खेळतात. दिग्दर्शक बाईंचा, म्हणजे माझा, धाक; म्हणून मला कोणी बोलावत नाही. कालही मी एकटीच चटया गुंडाळत बसले.

दादा, हे तुला तोंडावर सांगणं मला या जन्मी जमलं नसतं. म्हणून हा कागद मध्ये धरला आहे. पलीकडे तू आहेस, एवढं तरी कळव.

तुझी धाकटी,
लेइमास