ऐकेपर्यंत सुतक नसतं

हॅनोव्हर, १२ एप्रिल २००७

तीर्थस्वरूप, आणि सध्या जपानदर्शनरत, कुसुमताईस साष्टांग नमस्कार.

कानाझावाचे फोटो मिळाले. बागेतला तो दोन पायांचा दगडी दिवा सुरेख आहे. शेजारी भावोजी त्याहून दगडी उभे आहेत.

हे पत्र मी टाकणार नाही. परवा सांगलीत आपला वासुदादा झोपेतच गेला. दहनही झालं. वार्ता कानी पडेपर्यंत सुतक लागत नाही, असं शास्त्र आहे. चाळीस वर्षांच्या संसारातली तुझी ही पहिली सहल, तीही दादानेच हट्टाने ठरवलेली. म्हणून रविवारी तू इथे परत येईपर्यंत तुझे कान सांभाळायचं मी ठरवलं. सुतक एकटाच पाळतोय. ऑफिसात माझ्या दाढीचं कौतुक चाललंय.

पण आज तुझा फोन आला. "किल्ला झाला, चहाघरांची जुनी गल्ली झाली. पण दादाकडे फोन कुणी उचलत नाही रे."

"लाइन बिघडली असेल," मी म्हटलं.

तू म्हणालीस, "सत्या, उद्या आम्ही देवळात जाणार आहोत. तुला काही सांगायचं असेल, तर रविवारी सांग. समोर बसून."

शास्त्र तूही माझ्याच गुरुजींकडे शिकलीस, हे मी विसरलोच. आता तिकडे भावोजींपासूनही लपवून तू एकटी रडत असलीस, तर ताई, मी नेमकं काय सांभाळलं?

खोटं बोलणं कधीच न जमलेला तुझा धाकटा भाऊ,
सत्यजित